वारीहून परतलात? आधी मक्याचा पोंगा पाहा

आळंदीहून पंढरीची वाट पायी चालली की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढून चार तालुक्यांची पिके जातात. दिवे घाट चढून सासवडला आले की अंजीर-सीताफळाच्या बागा दिसतात. जेजुरी, वाल्हे मागे टाकून नीरा ओलांडली, माउलींच्या पादुकांना नीरास्नान झाले, की पुढे लोणंदचा कांदा. चांदोबाच्या लिंबाजवळ पहिले उभे रिंगण पाहून तरडगाव, फलटण, बरड करीत नातेपुत्यास पोचावे, तो कालव्याच्या पाण्यावरचा ऊस आणि मका दोहों बाजूंनी सुरू होतो. तेथून माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी आणि मग पंढरपूर. ओठांवर अभंग असतो, पण नजर बांधापलीकडे गेल्यावाचून राहत नाही. कोणाची पेरणी साधली, कोणाची खोळंबली, हे चालता चालता कळते.

मी शेतीखात्यातला माणूस. रजा मिळेल त्या वर्षी वाटचालीस जातो. 2019 च्या आषाढात आमच्या दिंडीत फलटण भागातले एक माळकरी जोडपे होते. दीड एकर विहिरीच्या पाण्यावर मका टाकून, म्हशी भावकीत सांभाळायला देऊन निघालेले. एकादशीचे दर्शन, काल्याचा प्रसाद घेऊन आम्ही एसटीने परतलो. त्यांनी आग्रहाने मला उतरवून घेतले. हातपाय धुऊन, तुळशीला पाणी घालून दोघे थेट रानात गेली, मागोमाग मी.

मका गुडघ्याच्या वर आला होता, पण पाने पाहवत नव्हती. कोठे कागदासारखे पांढरे पडदे, कोठे ओळीने भोके, आणि पोंग्यात ओल्या लाकडी भुशासारखा चोथा. बाईंनी एक पोंगा उकलला. आत तपकिरी अळी वळवळत होती.

"साहेब, खोडकिडा आम्ही जन्मभर बघितलाय. हे पाहुणं कुठलं?" त्या म्हणाल्या.

पाहुणे दूरचेच होते. ही अमेरिकन लष्करी अळी. मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातली. 2016 साली आफ्रिकेत आढळली. 2018 च्या मे महिन्यात कर्नाटकातील शिवमोगा भागात मक्यावर दिसली आणि त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रात शिरली. हिचा पतंग वाऱ्याच्या साथीने एका रात्रीत शंभर किलोमीटर जाऊ शकतो. आपल्याला आळंदीहून पंढरीला जाण्यास अडीच आठवडे लागतात. हा दोन-तीन रात्रींत पोचेल.

आता ओळख ध्यानात ठेवा. अळीच्या डोक्यावर उलट्या इंग्रजी 'वाय' अक्षरासारखी फिकट खूण असते. शेपटीकडच्या भागावर चौकोनात चार ठळक काळे ठिपके असतात. या दोन खुणा एकत्र दिसल्या की शंका नको.

अडीच-तीन आठवड्यांत इतके कसे झाले, असा प्रश्न घरधन्याला पडला. त्याचे उत्तर किडीच्या जीवनक्रमात आहे. मादी पानावर एका पुंजक्यात शंभर-दोनशे अंडी घालते आणि ती केसाळ लवीने झाकते. दोन-चार दिवसांत अंडी उबतात. बारीक अळ्या पानाचा हिरवा भाग खरवडतात, तेच ते पांढरे पडदे. मोठ्या झाल्या की पोंग्यात शिरतात आणि एकमेकींनाही खातात, म्हणून शेवटी पोंग्यात एखाद-दुसरीच उरते. दोन-तीन आठवडे खाऊन अळी जमिनीत कोषात जाते. म्हणजे आपण वारीत असतो नेमका तेवढाच काळ तिला पुरतो.

घरधनी गप्प झाले. मग म्हणाले, "गळ्यात माळ आहे, साहेब. जीव मारायचा म्हणजे..." बाईंनीच उत्तर दिले, "अहो, म्हशीच्या तोंडचा घास चाललाय. तिलाही जीव आहे की." त्यावर ते काही बोलले नाहीत, पण खांद्यावरचा पंचा कमरेला बांधून सरीत उतरले.

शेजारचा पुतण्या दुकानातून जालीम औषध आणायला निघाला होता. त्याला थांबवले. हा मका वैरणीचा. आज फवारा आणि उद्या कापून गव्हाणीत टाका, हे चालणार नाही. ते विष म्हशीच्या पोटात आणि दुधातून लेकरांच्या पोटात जाईल. आधी पाच ठिकाणी वीस-वीस अशी शंभर झाडे मोजली. फार बिघडलेला पट्टा विहिरीकडचा निघाला. तेथल्या अळ्या हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या, पोंग्यात बारीक कोरडी माती सोडली आणि उरलेल्या रानावर निंबोळी अर्क फवारला. निम्म्याच्या वर मका वाचला. विहिरीकडच्या पट्ट्याची आशा मात्र सोडावी लागली.

तुम्हीही असे करा. उगवणीनंतर आठवड्यातून दोनदा रानात फेरी मारा. अंड्यांचा पुंजका दिसताच पान तोडून चुरडून टाका. एका पुंजक्यात शंभर अळ्या जातात. शंभरात पाच झाडांवर लक्षण दिसले की वाट पाहू नका. एकरी पाच कामगंध सापळे लावा, म्हणजे पतंग आल्याची वर्दी मिळते. अळ्या लहान असतानाच पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. त्यासाठी पाच किलो निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून, गाळून शंभर लिटर पाणी करावे. फवारा सकाळी किंवा सांजवेळी, आणि धार पोंग्यात पडली पाहिजे. मक्यात तूर किंवा उडदाचे आंतरपीक घ्या. पीक निघाल्यावर खोल नांगरट करा, म्हणजे कोष वर येऊन पाखरे वेचतील. दाण्याच्या मक्यावर रासायनिक औषध घेण्याची वेळ आलीच, तर कृषी अधिकाऱ्याला विचारून, लेबलावरच्या मात्रेने आणि काढणीपूर्वीचे दिवस मोजूनच घ्या.

वारी चुकवा असे कोणी म्हणणार नाही. पण निघताना म्हशी जशा भावकीच्या हवाली करता, तसे रानही कोणाच्या तरी हवाली करा. नुसते "लक्ष ठेव" म्हणू नका. त्याला बांधावर न्या, एक पोंगा उकलून दाखवा आणि काय शोधायचे ते सांगा. घरी राहणाऱ्या सुनेला, शाळकरी पोराला ही खूण ठाऊक असली, तर तुम्ही वाखरीच्या तळावर निर्धास्त झोपाल.