ऑकलंडचा धक्का

लेक ऑकलंडला राहायला गेल्याला सहा वर्षं झाली. दरवर्षी "यंदा तरी या" म्हणायची आणि दरवर्षी काही ना काही आडवं यायचं. शेवटी २०२५ च्या जूनमध्ये आम्ही दोघं निघालो. बडोद्याचा उकाडा सोडला आणि थेट तिकडच्या हिवाळ्यात जाऊन पडलो. ऑकलंडला बर्फ पडत नाही, पण पाऊस आणि वारा असे मिळून येतात की छत्री उलटी होण्यापलीकडे तिचा काही उपयोग होत नाही. तिकडची माणसं सरळ भिजतात.

लेक-जावई दोघंही नोकरीवर. नातीला मात्र शाळेची हिवाळी सुट्टी होती. ती अकरा वर्षांची. तिनेच ठरवलं की आजी-आजोबांना शहर आपण दाखवायचं. तिकडे दुमजली बस असते, एकदा तिकीट काढलं की दिवसभर हवं तिथे उतरायचं, बघायचं आणि मागून येणाऱ्या बसमध्ये चढायचं. कानाला लावायला एक यंत्र देतात, त्यातून माहिती ऐकू येते. आपल्याकडे रिक्षावाला लक्ष्मी विलास राजवाड्यासमोर थांबून मागे वळून जे सांगतो, तेच इथे गोड आवाजात, अधूनमधून संगीत वाजवून.

वरच्या मजल्यावर पुढे बसून आम्ही ३२८ मीटर उंच स्काय टॉवर खालूनच पाहिला (ह्यांना उंचावर गरगरतं). बंदरावरचा मोठा पूल पाहिला. १९५९ साली तो चारपदरी बांधला आणि दहा वर्षांत अपुरा पडला, तेव्हा एका जपानी कंपनीकडून दोन्ही बाजूंना दोन-दोन पदर जोडून घेतले. ऑकलंडकर त्याला चेष्टेने 'निप्पॉन क्लिप-ऑन' म्हणतात. केसांना क्लिप लावावी तसे लावलेले पदर! हे स्थापत्यवाले, त्यामुळे पुलावरून आमची गाडी बराच वेळ पुढे सरकली नाही.

मला आवडल्या त्या टेकड्या. हे शहर पन्नासेक ज्वालामुखींवर वसलंय. माउंट ईडन, माओरी नाव माउंगाफाउ, त्यातला एक. वर चालत गेलं की मध्ये वाटीसारखा खोल खड्डा दिसतो, हिरव्यागार गवताने भरलेला. माओरी लोकांना ती जागा पवित्र, म्हणून खड्ड्यात उतरायचं नाही. आमचा पावागढही ज्वालामुखीच्याच दगडाचा, पण इतका जुना की त्याला स्वतःला ते आठवत नसेल. इथले अजून ताजे वाटतात.

बस मग टामाकी ड्राइव्ह नावाच्या समुद्रकाठच्या रस्त्याने जाते. एका बाजूला पाणी, होड्यांचे क्लब, समोर रांगीतोतो बेट. बॅस्टियन पॉइंट येतो. आपल्या जमिनीसाठी १९७७-७८ मध्ये माओरी तिथे ५०६ दिवस ठाण मांडून बसले होते, हे त्या यंत्राने सांगितलं. पण परत शहरात शिरताना बंदराच्या लांबलचक लाल लोखंडी कुंपणापाशी जे सांगितलं ते एकाच वाक्यात उरकलं. १९८५ मध्ये इथे रेनबो वॉरियर जहाज बुडवण्यात आलं. पुढच्या वाक्याला आम्ही खरेदीच्या दुकानांपाशी होतो.

मी मान वळवून बघत राहिले. कुंपणाच्या आत परदेशातून आलेल्या नव्या मोटारगाड्या ओळीने उभ्या होत्या.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. मी अठ्ठावीस वर्षं बडोद्याच्या जड पाण्याच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत होते. जड पाणी म्हणजे काय, हे नातेवाइकांना समजावता समजावता माझे केस पांढरे झाले. साध्या पाण्यातल्या हायड्रोजनचा एक जड भाऊ असतो, ड्यूटेरियम. तो अगदी चिमूटभर, हजारो कणांत एखादा. तो वेगळा काढून केलेलं पाणी अणुभट्टीत लागतं. शेजारच्या खत कारखान्याच्या वायूतून आम्ही तो काढायचो. नोकरीचा मला अभिमान होता, आजही आहे. मे १९९८ मध्ये, बुद्धपौर्णिमेला, पोखरणची बातमी आली तेव्हा गल्लीत पेढे वाटणाऱ्यांत मी होते. तेव्हा अणूविरुद्ध समुद्रात फिरणाऱ्या जहाजाशी माझं काही सख्य असायचं कारण नव्हतं.

लेकीच्या घराजवळ कोपऱ्यावर 'डेअरी' आहे. न्यूझीलंडमध्ये डेअरी म्हणजे दूध, पाव, वर्तमानपत्र, गोळ्या, सगळं मिळणारं दुकान, आणि गल्ल्यावर बहुतेक वेळा एखादा पटेल. नवसारी-सुरतेकडची माणसं तिथे शंभर वर्षांपूर्वीपासून आहेत. आमच्या डेअरीतले काका ऐंशीच्या घरातले. बडोद्याची म्हटल्यावर त्यांची गुजराती जी सुरू झाली ती थांबेना. त्यांना मी त्या जहाजाबद्दल विचारलं.

"बुधवार होता," ते म्हणाले. आणि मग हसून, "ए लोको पण फरवा ज आव्या हता." ती माणसंसुद्धा हिंडायलाच आली होती.

ते खरंच होतं. तुरेंज नावाचं एक स्विस जोडपं, नुकतं लग्न झालेलं, भाड्याच्या कॅम्परव्हॅनमधून देश बघत हिंडत होतं. प्रत्यक्षात ती दोघं फ्रेंच गुप्तहेर खात्याची माणसं होती, नावंही खोटी आणि पासपोर्टही खोटे. १० जुलै १९८५ च्या रात्री, आमची बस ज्या टामाकी ड्राइव्हवरून गेली त्याच रस्त्यावर, होड्यांच्या क्लबची माणसं गस्त घालत होती. कारण साधंच, चोऱ्या होत होत्या. एक माणूस छोट्या रबरी होडीतून किनाऱ्याला आला आणि थांबलेल्या व्हॅनमध्ये सामान चढवू लागला. त्यांना संशय आला आणि त्यांनी व्हॅनचा नंबर लिहून ठेवला. दोन दिवसांनी जोडपं गाडी परत करायला गेलं तेव्हा पोलीस वाट बघत होते. एका राष्ट्राचं गुप्तहेर खातं उघडं पडलं ते सोसायटीच्या वॉचमनसारख्या गस्तीमुळे!

तोवर जहाज मार्सडन धक्क्यावर पाण्यात बसलं होतं. तीन दिवसांपूर्वीच ते ऑकलंडला आलं होतं, आणि पुढे फ्रान्सच्या अणुचाचण्यांचा निषेध करायला होड्यांचा ताफा घेऊन मोरुरोआला जाणार होतं. त्या संध्याकाळी जहाजावर एकाचा वाढदिवस होता, केक कापून झाला होता. मध्यरात्रीच्या थोडं आधी इंजिनाच्या खोलीत पहिला स्फोट झाला. माणसं बाहेर पडली. फर्नांडो परेरा हा पस्तीस वर्षांचा छायाचित्रकार, दोन लहान मुलांचा बाप, कॅमेरे आणायला खाली गेला असावा असं सांगतात. काही मिनिटांत दुसरा स्फोट झाला. तो बुडाला.

सप्टेंबरमध्ये फ्रान्सने कबुली दिली, त्यांच्या संरक्षणमंत्र्याला जावं लागलं. पकडलेल्या दोघांना दहा वर्षांची शिक्षा झाली, पण वर्षभरात त्यांना पॅसिफिकमधल्या एका फ्रेंच लष्करी बेटावर हलवलं आणि १९८८ च्या मध्यापर्यंत दोघंही फ्रान्समध्ये घरी. काकांना अजूनही त्याचा राग आहे. "आपडो देश नानो ने," म्हणाले. 'आपडो' म्हणजे न्यूझीलंड.

योग असा की त्याच महिन्यात चाळीस वर्षं पूर्ण होत होती, आणि रेनबो वॉरियर नावाचं आताचं, तिसरं जहाज ऑकलंडात आलं होतं. शनिवार-रविवारी लोकांना आत सोडत होते. नातीला शाळेत हा धडा होता. तिला जायचंच होतं. मला थोडा संकोच वाटत होता, पण तो ह्यांच्यासमोरसुद्धा बोलून दाखवला नाही.

हॉल्सी धक्क्यावर मोठी रांग, पुढे लेकुरवाळी मंडळी. जहाज ५८ मीटर लांब, हिरवं, अंगावर इंद्रधनुष्य. डोलकाठ्या सरळ नाहीत, इंग्रजी 'ए' अक्षरासारख्या दोन पायांच्या, पन्नास मीटरहून उंच. शिडं पूर्ण उघडली की बाराशे चौरस मीटरहून जास्त कापड वारा धरतं, वारा असला की इंजिन बंद. २०११ साली लोकांच्या देणग्यांतून बांधलं. त्याआधीचं दुसरं जहाज बांगलादेशात दिलं, तिथे ते 'रंगधनू' नावाने तरंगता दवाखाना झालं. हे ऐकून मला फार बरं वाटलं.

मला वाटलं होतं, आत भाषणं आणि घोषणा असतील. आमच्या तुकडीला दाखवणारी मुलगी खलाशी होती, पंचविशीची, हातांना घट्टे. ती बोलत होती झाडलोटीबद्दल. सकाळी साडेसातला उठवतात, आठला सगळ्यांनी सफाई करायची. संडास, मोऱ्या, जिने. शास्त्रज्ञ असो की पत्रकार, कामाच्या यादीत नाव येतंच. रविवारी स्वयंपाक्याला सुट्टी, मग ज्याला जे येतं ते तो रांधतो, आणि जे होईल ते सगळ्यांनी खायचं. गोडं पाणी जपून वापरायचं. खोल्या इतक्या लहान की भांडण झालं तरी रागावून जायला जागा नाही. "म्हणून आम्ही भांडण जेवायच्या आत मिटवतो," ती म्हणाली. बायका हसल्या. एकत्र कुटुंबात दिवस काढलेल्यांना यात नवीन काही नव्हतं.

मग ती रोंगेलापबद्दल बोलली. मार्शल बेटांवर अमेरिकेने १९४६ ते १९५८ मध्ये ६७ अणुचाचण्या केल्या. १ मार्च १९५४ च्या सर्वांत मोठ्या स्फोटाची राख दीडशे किलोमीटरवरच्या रोंगेलापवर पडली. पांढरी भुकटी. पोरं त्यात खेळली. दोन दिवसांनी माणसांना हलवलं, १९५७ मध्ये परत आणून सोडलं, आणि मग वर्षानुवर्षं गळ्याच्या गाठी, आजारी मुलं. शेवटी बेटवाल्यांनीच पहिल्या रेनबो वॉरियरला बोलावलं. मे १९८५ मध्ये, म्हणजे बुडायच्या दोन महिने आधी, त्या जहाजाने चार फेऱ्या करून तीनशेहून जास्त माणसं आणि त्यांच्या घरांचं सामान दुसऱ्या बेटावर नेलं. आताचं जहाजही यंदा तिकडे जाऊन आलं होतं. शास्त्रज्ञांनी माती तपासायला नेली, नारळ नेले.

"नारळ का?" कोणीतरी विचारलं. मुलीला नीट सांगता येईना.

मला येत होतं. त्या बेटांच्या मातीत पोटॅशियम कमी. नारळाच्या झाडाला ते लागतं, आणि सीझियम रसायनाच्या दृष्टीने त्याचा जवळचा नातलग. झाड फसतं आणि किरणोत्सारी सीझियम ओढून घेतं. ते फळात येतं, पाण्यात येतं. उपाय म्हणून त्या जमिनीवर पोटॅशचं खत टाकून पाहिलंय. हे सगळं मी सांगून टाकलं, धडा शिकवल्यासारखं. सांगताना डोळ्यांसमोर ओटीतला नारळ आला. मी तिथेच थांबले.

मुलीने कौतुकाने विचारलं, "तुम्ही शास्त्रज्ञ आहात?"

"केमिस्ट होते." एवढंच म्हणणार होते. पण नात उत्साहात म्हणाली, "आजी अ‍ॅटमसाठी पाणी बनवायची!"

क्षणभर शांतता. मुलगी रागावली नाही. तिने फक्त विचारलं, "ते पाणी कुठे जायचं?"

"वीजकेंद्रांना," मी म्हटलं. काक्रापारचं नाव घेतलं, गुजरातेतल्या घरांत दिवे लागतात ते सांगितलं. त्यातला शब्द न् शब्द खरा. न्यूझीलंडच्या १९८७ च्या अणुमुक्त कायद्यातही जमिनीवरच्या वीजकेंद्राला बंदी नाही, बंदी आहे ती शस्त्रांना आणि अणुशक्तीवर चालणाऱ्या जहाजांना, हेही मी सांगितलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. सदतीस वर्षांच्या संसारात मी कुठे थांबते ते ह्यांना कळतं. तुर्भ्याच्या सायरस भट्टीतही जड पाणीच होतं, अमेरिकेकडून आलेलं, आणि १९७४ च्या पोखरणचं प्लुटोनियम त्याच भट्टीतून निघालं. ते पाणी आमच्या कारखान्याचं नव्हतं, आमचा कारखाना नंतरचा. पण भट्टीला पाणी कोणाचं ते कळत नाही.

मुलगी मान हलवून पुढे गेली. मागे रांग खोळंबली होती.

दोन आठवड्यांनी जावयाने आम्हांला उत्तरेकडे माटाउरी बेला नेलं, चारेक तासांचा रस्ता. पहिलं जहाज दुरुस्त होण्यासारखं राहिलं नव्हतं, म्हणून डिसेंबर १९८७ मध्ये तिथल्या माओरींच्या संमतीने त्या उपसागरात, पंचवीसेक मीटर खोल पाण्यात, पुन्हा बुडवलं, या वेळी मानाने. आता त्यावर शेवाळं आणि मासे आहेत, पाणबुडे बघायला उतरतात. टेकडीवर स्मारक आहे. काळ्या गोल दगडांची कमान आणि मध्ये जहाजाचा पितळी पंखा. चढ चांगलाच आहे, गुडघे असलेल्यांनी काठी न्यावी. वरून कावाली बेटं दिसतात आणि खाली समुद्र इतका स्वच्छ की जहाज दिसेल असं वाटतं. दिसत नाही.

ह्यांनी पंख्यावर हात फिरवून धातू कोणता ते पाहिलं. नात माझ्या शालीत शिरली.

"आजी, त्या दिवशी तू तिला खरं उत्तर दिलंस ना?"

"अर्धं दिलं."

"आणि उरलेलं?"

मी ते तिला सांगायला सुरुवात केली. सायरसपासून. मध्येच तिने विचारलं की पेढे कुठल्या दुकानातले होते, तेही सांगितलं. ह्यांनी थर्मासमधला चहा ओतला, पण वारा असा की अर्धा कपाबाहेरच उडत होता.