रॅमच्या पोटात

तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलला आहे. कच्च्या मालाचं पिंप आलं की त्यावरचं लेबल आम्ही वाचतो, पण त्यावर विसंबत नाही. पिंपातून नमुना काढायचा आणि लेबलवर लिहिलंय तेच आत आहे ना, एवढंच आधी बघायचं. शुद्धता, ताकद वगैरे सगळं नंतर. बाहेरच्या माणसाला हा वेळेचा अपव्यय वाटतो. कॉम्प्युटरच्या रॅमलाही हाच न्याय लावावा लागतो, हे मला पुतण्याने शिकवलं.

पुतण्या लग्नांचे व्हिडिओ करतो. एडवणच्या घरात माडीवर, पत्र्याखाली त्याचं दुकान. केळवे, माहीम, सफाळे, विरारपर्यंत कामं येतात. दादाला हे काम वाटत नाही. "सीझन संपला की काय खाणार? तुझ्या ओळखीने कंपनीत चिकटव त्याला," असं तो मला दर रविवारी ऐकवतो. शेवटी ठरलं असं, की या मे महिन्यापर्यंत पोराने घरात नियमित पैसे दिले तर ठीक, नाहीतर जूनपासून माझ्याबरोबर बोईसरची वाट.

आणि नेमका त्याच सीझनमध्ये कॉम्प्युटर घात करू लागला. पाच-सहा तास रेंडर चालायचा आणि निळा पडदा. त्याहून वाईट म्हणजे कधीकधी तो बंद न पडता फाइल पूर्ण करायचा. एका लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी नवरीच्या तोंडावर हिरवे चौकोन उमटले. त्या लोकांनी उरलेले पैसे दिले नाहीत. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही.

मशीन जुन्या बाजारातलं होतं. विकणाऱ्याने वेगाचे आकडे दाखवून विकलं होतं. आत आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या, एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, लेबल अक्षर न् अक्षर सारखं: डीडीआर४, ३२००, सीएल १६. "सेम टू सेम" म्हणाला होता तो.

आता इथे थोडं सांगायला हवं. रॅमची पट्टी विकणाऱ्या बहुतेक कंपन्या आतली चिप स्वतः बनवत नाहीत. जगभरात ती प्रामुख्याने तीन जण बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. पट्टीवाले त्यांच्याकडून चिपा घेतात, पट्टीवर बसवतात, वर ॲल्युमिनियमचं कवच चिकटवतात. लेबलवर वचन असतं ते ३२०० आणि सीएल १६ एवढंच. ते पाळलं गेलं की झालं. या महिन्यात आत सॅमसंग, पुढच्या महिन्यात हायनिक्स, हे लेबलला विचारायचं नसतं. घोलवडच्या चिकूची पेटी घ्या. वर आकाराची प्रत लिहिलेली असते, झाड कुठलं ते नाही.

पण ओव्हरक्लॉक करणाऱ्याला झाडच हवं असतं. चिपच्या पिढ्यांना अक्षरं असतात. सॅमसंगची आठ गिगाबिटची बी-डाय ही यातली सर्वांत नावाजलेली. २०१७ मध्ये एएमडीचे रायझन प्रोसेसर आले. त्यांच्या आतली वाहतूक रॅमच्या घड्याळाशी बांधलेली होती, त्यामुळे रॅम जरा वेगवान झाली की सगळं मशीन चपळ होई. आणि बी-डाय इतकी समजूतदार, की व्होल्टेज थोडं वाढवलं की थांबण्याचे आकडे एकदम खाली. ३२०० वर १६ ऐवजी १४ ठोके म्हणजे दहा नॅनोसेकंदांऐवजी पावणेनऊ. २०१९ पासून सॅमसंगने ती आवरती घेतली आणि जुन्या बाजारात तिचा भाव चढला. (नुसतं 'बी' म्हणून भुलू नये. मायक्रॉनचीही बी आहे, सॅमसंगच्याच सोळा गिगाबिटची बी वेगळी. कंपनी, क्षमता आणि अक्षर, तिन्ही मिळून ओळख.)

पुतण्याने थायफून बर्नर नावाचं सॉफ्टवेअर चालवलं. प्रत्येक पट्टीवर एक बारकी चिप असते, तिच्यात पट्टीची कुंडली लिहिलेली असते. डीडीआर४ला ही कुंडली ५१२ बाइटची. एका पट्टीपुढे आलं सॅमसंग बी-डाय, दुसरीपुढे हायनिक्स सीजेआर. पोरगा नाचायला लागला.

मी म्हटलं, हे अजून लेबलच आहे. कुंडली पट्टीवाल्याने भरलेली. तिच्यात चिपच्या कंपनीचा आकडा असतो, पण पिढीचं अक्षर बहुधा नसतं. सॉफ्टवेअर ते बाकीच्या आकड्यांवरून ताडतं. कवच काढून चिपवरचा नंबर वाचावा तर गोंद चिपेसकट निघण्याची भीती. मग उरली एकच परीक्षा, वागणुकीची. वहिनी दारावर आलेल्या मांगेलणीचं सगळं बोलणं ऐकून घेते आणि मग पापलेटाचा कल्ला उचलून बघते, तसं.

एक पट्टी काढून ठेवायची, दुसरी एकटीच लावायची. व्होल्टेज १.३५वरच ठेवायचं आणि आकडे एकेक करून उतरवायचे. पहिली पट्टी १४-१४-१४ला सहज उतरली. चिपला स्वतःला ताजंतवानं करायला जो वेळ लागतो, टीआरएफसी, तो तिने १६० नॅनोसेकंदांपर्यंत सोसला. आठ गिगाबिटच्या चिपेला प्रमाण वेळ ३५०चा. दुसरी पट्टी मधला आकडा १४ केला की मशीन सुरूच होऊ देईना, आणि टीआरएफसी २६०च्या खाली गेली की चुकांची रांग. दोघींची ओळख पटली. यात दुसरी वाईट असं अजिबात नाही. लेबलवर लिहिलेल्या आकड्यांवर ती रात्रभर एक चूक न करता चालली.

घोळ एवढाच, की विकणाऱ्याने आकडे हाताने आवळून ठेवले होते, आणि मदरबोर्ड दोन्ही पट्ट्यांना एकच आकडे लावतो. बैलजोडीत एक उमदा आणि एक संथ असला तर गाडी संथाच्या चालीने हाकायची असते. त्याने उमद्याच्या चालीने हाकली होती. आम्ही ती लेबलच्या चालीवर आणली.

तपासणीला पंधरा दिवस गेले. मेमटेस्ट८६ तासन् तास चालतं आणि आमच्याकडे वीज जाते. तीन तास झाले की दिवे गेले, पुन्हा पहिल्यापासून. शिवाय आवळलेल्या आकड्यांवर बी-डाय रात्री पास व्हायची आणि दुपारी दोन वाजता नापास. पोरगा वैतागला, मला मात्र मजा वाटली, कारण आमच्याकडेही तापमान लिहिल्याशिवाय कुठलाही निकाल पूर्ण होत नाही. बी-डाय पन्नास अंशांच्या आसपास पोचली की आवळलेले आकडे सोडून देते. मे महिन्यात एडवणच्या पत्र्याखाली ते तापमान गाठायला फार कष्ट पडत नाहीत.

पुतण्याचं म्हणणं, आणखी एक बी-डाय शोधू, ३६०० गाठू. मी विचारलं, गिऱ्हाईक व्हिडिओ बघताना नॅनोसेकंद मोजतं का? दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच बी-डायची पट्टी विकायला काढली. जाहिरातीत लिहिलं: एकच आहे, जोडी नाही, अमुक व्होल्टेजला अमुक आकडे, पंखा लावून, दुपारी उकाड्यात याच आकड्यांवर चुका आल्या. चाचणीचे फोटो जोडले. मी म्हटलं, शेवटचं वाक्य काढलंस तर दोनशे जास्त मिळतील. तो म्हणाला, "काका, तुम्ही काढलं असतं का तुमच्या रिपोर्टातून?"

पट्टी चार दिवसांत गेली. त्या पैशांत थोडी भर घालून एकाच पाकिटातली, कारखान्यात एकत्र तपासलेली सोळा-सोळाची जोडी आली. लेबलच्याच आकड्यांवर दोन रात्री चालवल्याशिवाय त्याने तिच्यावर एकही लग्न टाकलं नाही.

जूनच्या पहिल्या रविवारी मी जेवायला गेलो. दादाने कंपनीचं काही काढलं नाही. बोंबलाचं कालवण पुढे ओढत त्याने पोराला विचारलं, "त्या माहीमवाल्यांची डिसेंबरची तारीख पक्की झाली का रे?"