चारोळीची कॉफी

चहा हा आमच्या पांढुर्णा-सौंसर भागाचा नित्याचा सोबती. कॉफी मात्र प्रसंगाची. कोजागिरीची रात्र, जाग्रण किंवा दूरचे पाहुणे, एवढ्याच निमित्ताने ती आमच्या घरी होते. वास्तविक कॉफीचे मळे आम्हांला अगदीच परके नाहीत. सातपुड्याच्या रांगांत चिखलदऱ्याला आणि बैतूल जिल्ह्यातील कुकरूला कॉफी पिकते. तरीही आमच्या घरच्या कॉफीचा खरा स्वाद चारोळीचा.

चारोळी ही छिंदवाड्याच्या रानाची देणगी. उन्हाळ्यात पाताळकोट-तामियाकडील गोंड व भारिया मंडळी चाराची फळे वेचतात आणि कठीण कवच फोडून आतला दाणा काढतात. २०२३ साली पांढुर्णा छिंदवाड्यापासून निराळा जिल्हा झाला; चारोळीला मात्र ती सीमा ठाऊक नाही.

माझी आई ही कॉफी करी. तिच्यामागे माझ्या पत्नीने तो वारसा सांभाळला. परीक्षेच्या दिवसांत रात्री उत्तरपत्रिका तपासताना कॉफीचा पेला न मागता माझ्या टेबलावर येई. २८ वर्षे मी तो रिकामा केला. तो कसा भरला जातो, हे एकदाही विचारले नाही.

गेल्या पावसाळ्यात पत्नीवर नागपूरला शस्त्रक्रिया झाली. घरी परतल्यावर कित्येक दिवस तिची अन्नावर वासना नव्हती. एका संध्याकाळी ती क्षीण स्वरात म्हणाली, "अहो, घोटभर चारोळीची कॉफी मिळेल का?" डॉक्टरांची ना नव्हती, अडचण माझीच होती. मराठीचा एम. ए., शाळेचा मुख्याध्यापक. पण घरातला चारोळीचा डबा शोधण्यात माझा पाव तास गेला. मग मोठ्या आचेवर दाणे भाजू लागलो, तो क्षणात करपले. कॉफी कडू झाली. तिने ती निमूटपणे संपविली आणि म्हणाली, "उद्या आच मंद ठेवा." नापास झालेल्या विद्यार्थ्याला इतक्या सौम्य शब्दांत मी कधी समजावले होते काय?

दुसऱ्या दिवशी तिने अंथरुणावरूनच मला धडा दिला. दोन पेल्यांसाठी मोठा चमचाभर चारोळी मंद आचेवर बदामी होईतो परतावी. ती तेलकट असते, म्हणून हात थांबवू नये. निवल्यावर थोड्या दुधात बारीक वाटावी. दोन लहान चमचे कॉफीपूड अर्ध्या कप उकळत्या पाण्यात घालून पाच मिनिटे झाकावी व गाळावी. फार उकळली तर कडवटपणा येतो. दीड कप दुधात वाटण व तीन चमचे साखर घालून एक उकळी आणावी, मग कॉफीचे पाणी मिसळावे. शेवटी सहाणेवर जायफळाचे दोनच वेढे. गूळ हवा असल्यास पातेले उतरवल्यावर घालावा, नाहीतर दूध फाटण्याची भीती.

त्या दिवशी पेला संपवून ती पहिल्यांदा हसली. "आईंच्या हातची आठवली," म्हणाली.

आता ती पूर्ण बरी आहे, स्वयंपाकघरही पुन्हा तिच्याकडे गेले आहे. संध्याकाळची कॉफी मात्र मी परत दिलेली नाही. पूर्वी एकच पेला होत असे. आता दोन होतात, आणि ते आम्ही समोरासमोर बसून घेतो. तिचा पेला इतकी वर्षे कोठे होता, हे विचारायला मला उशीरच झाला.