सांबऱ्याच्या हंटरचा रंग

पिरनवाडीहून बेळगाव ओलांडलं की पलीकडे सांबरा. 1942 मध्ये ब्रिटिशांनी बांधलेल्या तिथल्या धावपट्टीवरून 18 डिसेंबर 1961 रोजी, गोवा मुक्तीच्या कारवाईत, भारतीय हवाई दलाची हंटर विमानं उडाली आणि गोव्यात बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर रॉकेटं डागून आली. इथल्या मॉडेलकाराने करायचं तर हेच विमान करावं. 1:72 प्रमाणात ते जेमतेम 19 सेंटिमीटर भरतं. जोडणी चार संध्याकाळींत उरकते. रंगाचा शोध मात्र महिनोन् महिने पुरतो.

हंटर 1957 पासून भारतात येऊ लागली. वरच्या अंगाला गडद हिरवा आणि गडद समुद्री करडा, ब्रिटिश मानकातले 641 आणि 638 क्रमांकाचे रंग. मॉडेलरंग बनवणाऱ्या हम्ब्रोलच्या 163 आणि 164 या डब्या त्यांच्याच. पण मोठ्या विमानाचा रंग छोट्या मॉडेलवर जसाच्या तसा लावला की ते काळपट दिसतं, म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळावा लागतो. किती, ते डोळ्यांनीच ठरवायचं.

खरी परीक्षा जुन्या कृष्णधवल फोटोंची. केशरी आणि हिरवा, दोन्ही त्यात करडेच उमटतात. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर तर लाल रंग काळा पडतो आणि निळा फिकटतो. त्यामुळे फोटो कधीचा, हे आधी विचारायचं. दुसऱ्या महायुद्धात जपानी विमानांशी गल्लत होऊ नये म्हणून इथल्या विमानांवरच्या ओळखीच्या वर्तुळातला लाल काढून दोन निळ्या छटा आल्या. स्वातंत्र्यानंतर काही काळ अशोकचक्र, मग तिरंगी वर्तुळ. तारीख चुकली की सगळं रंगकाम वाया.

संग्रहालयातल्या विमानावरही डोळे झाकून विसंबू नये. गोव्यात बोगमाळ्याच्या नौदल संग्रहालयातलं सुपर कॉन्स्टेलेशन आधी एअर इंडियाचं, मग हवाई दलाचं, शेवटी नौदलाचं झालं. उघड्यावर, समुद्राच्या वाऱ्यात उभ्या विमानाला पुन्हा पुन्हा रंग द्यावाच लागतो. तिथे आकार, जोड, झाकणं मनसोक्त पाहावीत. छटा मात्र त्या काळच्या रंगीत स्लाइडवरून आणि कागदपत्रांवरून घ्यावी.

अशा स्लाइड फार थोड्या उरल्या आहेत. बेळगाव-खानापूर भागात सांबऱ्याला नोकरी केलेल्यांची घरं आहेत. तुमच्या ट्रंकेत विमानाचा एखादा जुना फोटो असेल, तर तो रद्दीत घालू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्याच्या मागे पेन्सिलीने साल आणि ठिकाण आजच लिहून ठेवा.