इमारतीची निगा : कायदा, निधी आणि पाणी

शहरातील इमारत सुस्थितीत ठेवण्याचे बंधन महाराष्ट्रातील कायद्यांनी तिच्या मालकावर आणि तिचा भोगवटा करणाऱ्यावर घातले आहे. मुंबईत हे बंधन 1888 च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातून येते. पुणे, ठाणे, नाशिक यांसारख्या शहरांत ते 1949 च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातून येते. फ्लॅट ज्याच्या त्याच्या नावावर असला, तरी खांब, तुळया, गच्ची, बाहेरच्या भिंती, जिने आणि नळ यांची निगा सहकारी गृहनिर्माण संस्थेने, म्हणजे सोसायटीनेच राखायची असते. अनेक सोसायट्यांच्या नावे जमीन आणि इमारत अजून झालेली नाही. बिल्डरने अभिहस्तांतरण करून दिलेले नसते. या कारणासाठी दुरुस्ती लांबणीवर टाकणाऱ्या समित्या पुष्कळ आहेत. पण कायद्याच्या शब्दांत मालकाच्या जोडीला भोगवटादारही आहे, त्यामुळे ही सबब टिकत नाही.

सोसायटीच्या आत खर्च कोणी सोसायचा, हे आदर्श उपविधी बरेच स्पष्ट सांगतात. पावसाच्या पाण्याने होणारी गळती, बाहेरच्या सामायिक जलवाहिनीतून किंवा सांडपाण्याच्या नळातून होणारी गळती, आणि गच्ची गळून सर्वांत वरच्या मजल्यावरील छताचा गिलावा पडणे, हा खर्च सोसायटीचा. वरच्या घरातील संडास, मोरी किंवा सिंक यांच्यामुळे खालच्या घरात पाणी उतरत असेल, तर खर्च संबंधित सभासदाचा. शेजाऱ्यांमधले सर्वाधिक तंटे या दुसऱ्या प्रकारातून होतात. वरचे बिऱ्हाड फरशी उखडायला तयार नसते, खालचे छताला रंग मारून कंटाळते. समितीला मात्र पाहणीसाठी घरात शिरण्याचा अधिकार उपविधींनी दिलेला आहे. पूर्वसूचना देऊन पाहणी करावी, गळतीचे मूळ लेखी नोंदवावे आणि काम करून घ्यावे, हा सरळ मार्ग आहे. प्रत्यक्षात समित्या 'तुम्ही आपसांत मिटवा' असे सांगून मोकळ्या होतात. हे फार महागात पडते, कारण ती ओल दोन घरांपुरती राहत नाही. ती स्लॅबमध्ये मुरते, आणि स्लॅब सर्वांचा असतो.

पाण्याला एवढे महत्त्व का, हे काँक्रीटच्या स्वभावात दडलेले आहे. नव्या काँक्रीटमध्ये सिमेंटमुळे तीव्र अल्कधर्मी वातावरण असते आणि त्यात लोखंडी सळईला गंज चढत नाही. वर्षानुवर्षे हवेतील कार्बन डायऑक्साइड बारीक छिद्रांतून आत शिरतो आणि ही अल्कता घटवत नेतो. समुद्रकाठी खाऱ्या हवेतील क्लोराइड थेट सळईचे संरक्षक आवरणच फोडतात. त्यानंतर गंज धरायला फक्त ओलावा आणि प्राणवायू लागतो. मुंबईत वर्षाकाठी 2,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ओलावा कमी पडण्याचा प्रश्नच नसतो. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. तो आतून दाब देतो, सळईच्या रेषेत भेग पडते, पोपडा सुटतो, सळई उघडी पडते आणि गंजण्याचा वेग आणखी वाढतो. म्हणून सळईच्या समांतर जाणारी भेग गिलाव्यावरच्या केसासारख्या बारीक जाळीपेक्षा कितीतरी गंभीर असते. अशा भेगेवर पुट्टी भरून रंग मारणे म्हणजे आजार न पाहता लक्षण झाकणे. भिंतीच्या सांध्यात उगवलेले पिंपळाचे रोपही हेच सांगत असते : तिथे पाणी कायम आहे. रोप नुसते छाटले तर मूळ आत राहते आणि भेग रुंदावत जाते. मुळासकट काढून सांधा नीट भरावा लागतो.

घराच्या आत काय बदलता येते याचेही नियम आहेत. गिलावा, रंग, फरशी बदलणे, संडास-न्हाणीघराची दुरुस्ती, नळ, सांडपाण्याची जोडणी आणि विजेची फिटिंग बदलणे, ही किरकोळ दुरुस्ती मानली जाते आणि तिला मुंबईत महापालिकेची परवानगी लागत नाही. सोसायटीला कळवणे मात्र आवश्यक असते. खांब, तुळई किंवा भारवाहक भिंत काढणे वा बदलणे, जोते किंवा जमिनीची पातळी खाली नेणे, पोटमाळा चढवणे, छपराचा प्रकार बदलणे, यांपैकी काहीही या सवलतीत बसत नाही. जुन्या चुनाविटांच्या इमारतींत तर जवळजवळ प्रत्येक जाड भिंत भार वाहत असते. तिथे दोन खोल्यांची एक करण्यासाठी पाडलेली भिंत वरच्या सगळ्या मजल्यांचा आधार काढून घेते. 25 जुलै 2017 रोजी घाटकोपर येथील सिद्धीसाई ही चार मजली इमारत कोसळून 17 जण दगावले. त्या वेळी तळमजल्यावर नूतनीकरणाचे काम सुरू होते. एका सदनिकेतील बदल ही त्या सदनिकेपुरती गोष्ट नसते. काम सुरू होण्यापूर्वी संरचना अभियंत्याचे लेखी मत मागणारी समिती आगाऊपणा करत नाही, ती आपले कर्तव्य करते.

संरचनात्मक तपासणी म्हणजेच स्ट्रक्चरल ऑडिट हा या व्यवस्थेचा कणा आहे. मुंबईच्या अधिनियमात 2009 साली कलम 353ब आले आणि 1949 च्या अधिनियमात त्याला समांतर कलम 265अ आहे. पूर्णत्वाचा दाखला, भोगवट्याची परवानगी किंवा निम्म्या बांधीव क्षेत्राचा प्रत्यक्ष वापर, यांपैकी जे आधी घडले असेल तिथपासून 30 वर्षे झाली, की नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून इमारत तपासून तिच्या स्थैर्याचे प्रमाणपत्र महापालिकेत द्यावे लागते. त्यानंतर दर 10 वर्षांनी, किंवा आयुक्त ठरवतील तितक्या आधी, तेच पुन्हा. उपविधी याहून कडक आहेत आणि त्यांचीच बाजू शहाणपणाची आहे : 15 ते 30 वर्षे वयाच्या इमारतीची तपासणी दर 5 वर्षांनी, आणि 30 वर्षांवरील इमारतीची दर 3 वर्षांनी. किनाऱ्यावरच्या शहरांत 30 वर्षे वाट पाहणे हे फार उशिराचे आहे. सळई त्याआधी कितीतरी गंजलेली असते.

तपासणी म्हणजे हातोडी मारून पाहणे नव्हे. रिबाउंड हॅमरने पृष्ठभागाचा कठीणपणा कळतो, अल्ट्रासोनिक लहरींच्या वेगावरून आतली पोकळी आणि भेगा कळतात, हाफ सेल चाचणीने सळई गंजण्याची शक्यता किती ते कळते, आणि कोअर काढून काँक्रीटची खरी ताकद मोजता येते. या चाचण्यांचे आकडे, त्या कुठे घेतल्या याचा नकाशा आणि छायाचित्रे अहवालात नसतील, तर सोसायटीने तो अहवाल स्वीकारू नये.

अहवालानुसार मुंबईत इमारतीचा वर्ग ठरतो. सी-1 म्हणजे अतिधोकादायक, तत्काळ रिकामी करून पाडण्याजोगी. सी-2अ मध्ये इमारत पूर्ण किंवा अंशतः रिकामी करून मोठी दुरुस्ती करावी लागते, सी-2ब मध्ये रहिवासी राहत असतानाच ती करता येते, आणि सी-3 मध्ये किरकोळ दुरुस्ती पुरते. धोकादायक बांधकामाची नोटीस कलम 354 खाली निघते. मालकाच्या अभियंत्याने इमारत पाडण्याजोगी ठरवली आणि रहिवाशांच्या अभियंत्याने दुरुस्तीजोगी, असा विरोध आला तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीपुढे जाते. भाडेकरूंना सर्वांत मोठी भीती ही, की घर सोडले तर हक्क गेला. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही. रिकामी करण्यापूर्वी प्रत्येकाच्या ताब्यातील चटईक्षेत्राची नोंद महापालिकेने करायची असते. ती नोंद आपल्या हाती घेतल्याशिवाय बाहेर पडू नये, आणि ती हाती आल्यावर एक रात्रही आत राहू नये.

जुन्या भाड्याच्या इमारतींचे दुखणे वेगळे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 नुसार दुरुस्ती घरमालकाने करायची. त्याने टाळल्यास भाडेकरू लेखी नोटीस देऊन, मुदत संपल्यावर स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पण एका वर्षात वार्षिक भाड्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक नाही. महिना 200 रुपये भाडे असेल, तर ही रक्कम वर्षाला 600 रुपये होते. तेवढ्यात एक खिडकीही बदलत नाही. दक्षिण आणि मध्य मुंबईतील अशा इमारतींसाठी 1969 च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झाले, आणि रहिवाशांकडून दुरुस्ती उपकर घेऊन कामे करण्याची पद्धत सुरू झाली. 30 सप्टेंबर 1969 पूर्वीच्या या उपकरप्राप्त इमारतींची अ, ब, क अशी वर्गवारी बांधकामाच्या काळावरून केलेली आहे. 1 सप्टेंबर 1940 पूर्वीच्या अ वर्गात येतात. हे मंडळ पुढे म्हाडाचा भाग झाले.

सोसायट्यांत मात्र पैशाचे नियम आधीच आखलेले आहेत. दुरुस्ती व देखभाल निधी प्रत्येक फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान 0.75 टक्के दरसाल आणि सिंकिंग फंड किमान 0.25 टक्के. फ्लॅटचा बांधकाम खर्च 10 लाख रुपये धरला, तर वर्षाला अनुक्रमे 7,500 आणि 2,500 रुपये होतात. हिशेब मूळ बांधकाम खर्चावर होतो, जमिनीची किंमत धरून नव्हे आणि आजच्या दरानेही नव्हे. त्यामुळे जुन्या सोसायटीत हा निधी नाममात्र उरतो. किमान म्हणून सांगितलेला दर बहुतेक ठिकाणी कमाल समजला जातो, हीच खरी चूक आहे. सर्वसाधारण सभा तो वाढवू शकते. मोठ्या दुरुस्तीची वर्गणी क्षेत्रफळाप्रमाणे आकारली जाते. ती न भरणाऱ्या सभासदाची थकबाकी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची तरतूद सहकार कायद्यात आहे. काम देताना निविदा मागवाव्यात, पण सर्वांत स्वस्त निविदा उघड्या सळईवर गंजरोधक लेप न लावता नुसता गिलावा चढवणारी असेल, तर ती फेटाळण्याचे धैर्यही सभेने दाखवावे.

नियमित कामांत पाण्याच्या टाक्या डास शिरणार नाहीत अशा घट्ट झाकणांच्या ठेवणे येते. 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. लिफ्टची तपासणी असते. आवारातील झाडाच्या फांद्या तोडण्यासाठी 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी घ्यावी लागते, आणि ती पावसाळ्याच्या तोंडावर मागून वेळेत मिळत नाही.

गच्चीचा कोबा, बाहेरचा गिलावा, खांबांची दुरुस्ती ही कामे कोरड्या भिंतीवरच टिकतात. पाऊस थांबून भिंती सुकल्या की हा हंगाम सुरू होतो आणि मेअखेरीस संपतो. तपासणी, निविदा, सभेची मंजुरी आणि वर्गणी यांतच तीन-चार महिने जातात, हे लक्षात घेऊन सभासदांनी या दिवाळीनंतर लगेच समितीकडे दोन गोष्टी लेखी मागाव्यात : शेवटच्या संरचनात्मक तपासणीचा पूर्ण अहवाल, आणि दुरुस्ती निधी व सिंकिंग फंडात आज असलेली रक्कम.