अनेसिम

अनेसिम हे नव्या करारातले नाव म्हणजे मूळ ग्रीक ‘ओनेसिमोस’चे मराठी रूप. अर्थ सरळ आहे: उपयोगी, लाभाचा, कामाला येणारा. पहिल्या शतकातल्या रोमन साम्राज्यात हे नाव गुलामांमध्ये चांगलेच रुळलेले होते. विकत घेतलेल्या माणसाचे नाव बहुधा धनीच ठेवी. व्हारो या रोमन पंडिताने त्याचा मासला दिला आहे. इफिसात तिघांनी एकेक गुलाम घेतला. एकाने त्याला विकणाऱ्याच्या नावावरून नाव दिले, दुसऱ्याने प्रांतावरून, तिसऱ्याने शहरावरून. व्हारोला यात व्याकरणाचा मुद्दा मांडायचा होता, त्या तीन माणसांची आधीची नावे त्याने सांगितलेली नाहीत.

बायबलमधला अनेसिम कलस्सै गावचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातला. त्याचा धनी फिलेमोन ख्रिस्ती होता आणि मंडळी त्याच्याच घरी जमत असे. परंपरा सांगते की अनेसिम पळाला. काही अभ्यासकांना वाटते, तो पळाला नव्हता. धन्याशी बिनसल्यावर मध्यस्थी मागायला ख्रिस्ती प्रेषित पौलाकडे गेला होता. काही असो, तो तुरुंगात असलेल्या पौलाजवळ पोहोचला, तिथे ख्रिस्ती झाला, आणि पौलाने त्याला एक पत्र देऊन परत पाठवले. हे पत्र अवघ्या 25 वचनांचे आहे.

पौल विनंतीला हात घालतो तो पाल्हाळ लावून. मूळ ग्रीकमध्ये ‘माझे लेकरू’ आधी येते, मग बंधनातल्या जन्माचा उल्लेख, आणि नाव दहाव्या वचनाच्या अगदी शेवटी. फिलेमोनच्या कपाळाला आठी पडण्याआधी मुलाचे नाते ऐकवून झालेले असते. लगेच पुढच्या वचनात पौल नावाचाच अर्थ हाती घेतो: पूर्वी हा तुला निरुपयोगी होता, आता तुला आणि मला दोघांनाही उपयोगी आहे. विसाव्या वचनात ओनेसिमोसच्याच धातूपासून झालेले क्रियापद वापरून तो फिलेमोनकडे स्वतःसाठी लाभ मागतो. गुलामावर चिकटवलेली अपेक्षा अशी धन्याकडे वळते. अनेसिमचे काही देणे असेल तर माझ्या खाती मांड, असेही पौल स्वतःच्या हाताने लिहितो.

तरीही या पत्रात एक गोष्ट सलत राहते: अनेसिमचा स्वतःचा एकही शब्द त्यात नाही. पळालेल्या गुलामाला डाग दिला जाई, गळ्यात लोखंडी पट्टा अडकवला जाई. ‘मला धरा, धन्याकडे पोहोचवा’ अशा अर्थाचे लेख कोरलेले पट्टे पुढच्या काळातले सापडले आहेत. त्या जगात हा माणूस धन्याच्या दारी परत जायला निघाला. गुलाम म्हणून नव्हे, प्रिय भाऊ म्हणून याला घे, असे पौल म्हणतो. याला मुक्त कर, असे उघड म्हणत नाही. या मौनाची किंमत फार मोठी झाली. अमेरिकेत गुलामगिरीच्या समर्थकांनी आणि विरोधकांनीही याच पत्राचा आधार घेतला.

दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला अंत्युखियाचा बिशप इग्नात्य इफिसच्या ओनेसिमोस नावाच्या बिशपाचा गौरवाने उल्लेख करतो. तो हाच असेल का, हे ठरत नाही. नाव फार जणांचे होते. व्हारोच्या गोष्टीतल्या त्या इफिसात मंडळीच्या प्रमुखाचे नाव ‘उपयोगी’ असावे, एवढेही सुखावणारे आहे.

1706 साली बोस्टनमध्ये कॉटन मॅदर या धर्मोपदेशकाला त्याच्या मंडळीने एक आफ्रिकी गुलाम भेट दिला. मॅदरने त्याला हेच नाव दिले: ओनेसिमस. पौलाचे पत्र ठाऊक असलेल्या माणसाने त्यातला भाऊ बाजूला सारून नेमका ‘उपयोगी’ उचलला, हे क्षमा करण्याजोगे नाही. याच ओनेसिमसने मॅदरला सांगितले की आपल्या देशात देवीचा द्रव निरोगी माणसाच्या कातडीत घालतात आणि तो माणूस पुढे रोगातून वाचतो. 1721 च्या साथीत डॉक्टर झॅब्डिएल बॉइल्स्टनने हा उपाय सुमारे 240 जणांवर केला. त्यांतले 6 दगावले. असा द्रव न टोचता आजारी पडलेल्यांत सुमारे सातातला एक मेला. ओनेसिमस तोवर मॅदरच्या घरून बाहेर पडला होता. 1716 मध्ये आपल्या जागी दुसरा गुलाम घेण्यासाठी पैसे देऊन त्याने सुटका मिळवली होती, पण बोलावले की घरकामाला यायचे, ही अट मॅदरने घातलेली होती.