आजीचं गोंदण

ताईच्या लग्नाची डीव्हीडी आम्ही पहिल्यांदा पाहिली ती २००५ साली, २१ इंची जुन्या टीव्हीवर. पिवळी, लाल, पांढरी पिन त्या त्या रंगाच्या भोकात खोचली की काम झालं. अंतरपाट दूर झाला, अक्षता उडाल्या आणि गर्दीत डोळे पुसणारी आजी दिसली. हनुवटीवरच्या हिरव्या गोंदणासकट. चित्र जरा मऊसर होतं, पण ते कुणाला खटकलं नाही.

२०१२च्या दिवाळीत ४० इंची फुल एचडी टीव्ही आला. हौसेनं तीच डिस्क लावली आणि सगळे हिरमुसले. चेहरे पाण्यात भिजलेल्या शाईसारखे फिसकटलेले. अंतरपाट बाजूला होताना त्याच्या कडेला चक्क फणीचे दात फुटले. बाबा म्हणाले, ''डिस्क गेली रे.'' मी ती पुसून पुसून दमलो.

डिस्क धडधाकट होती. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत एका चित्राचे ठिपके ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२०. फुल एचडी पडद्याला लागतात २०,७३,६००, बरोबर पाचपट! जुन्या पिक्चर ट्यूबला ही अडचणच नव्हती. इलेक्ट्रॉनचा झोत काचेवर ओळी ओढत जायचा, एका फेरीत विषम, पुढच्या फेरीत सम, सेकंदाला ५० फेऱ्या. आल्या तेवढ्या ओळी ओढल्या की चित्र पुरं. नव्या पडद्याचा मात्र प्रत्येक ठिपका उजळावा लागतो. म्हणून शेजारच्या ठिपक्यांचे रंग बघून मधले अंदाजानं भरायचे. यालाच अपस्केलिंग म्हणतात. शिवाय सम-विषम ओळींची दोन अर्धी चित्रं सांधायची, आणि तेवढ्या एक-पन्नासांश सेकंदात अंतरपाट सरकलेला असतो. फणीचे दात आले ते तिथून.

पिवळ्या पिनेनं त्यात भर घातली होती. रंग आणि उजेड एकाच तारेत कोंबून पाठवायचे, मग टीव्हीनं ते पुन्हा वेगळे करायचे. एचडीएमआय केबल लावली तेव्हा निम्मा चिखल तिथेच निवळला. पण प्लेअर चित्र आधी ७२० ओळींपर्यंत वाढवत होता आणि टीव्ही तेच पुन्हा १०८० ओळींपर्यंत ताणत होता. मी प्लेअरला मूळच्या ५७६ ओळींवरच थांबवलं आणि वाढवायचं काम टीव्हीवर सोपवलं. आमच्याकडे हे जमलं. एखाद्या घरी प्लेअरच सरस निघेल. एकच प्रसंग दोन्ही तऱ्हांनी लावून पाहावा. फणीचे दात गेले, अक्षतांचे दाणे सुटे दिसू लागले. त्या रात्री आम्ही अख्खं लग्न पुन्हा पाहिलं.

आता घरात फोर-के टीव्ही आहे. डीव्हीडीच्या वीसपट ठिपके, म्हणजे विसातले एकोणीस टीव्हीनं स्वतः भरलेले. गेल्या महिन्यात डिस्क लावली. चित्र इतकं स्वच्छ की ताई हरखून गेली. आई मात्र पडद्याजवळ जाऊन उभी राहिली. ''हिचं गोंदण कुठं गेलं?''

खरंच, आजीची हनुवटी कोरी होती. सुरकुत्याही नव्हत्या. टीव्हीनं गोंदणाला धूळ समजून पुसून टाकलं होतं. मी सेटिंगमध्ये जाऊन नॉइज रिडक्शन बंद केलं, शार्पनेस उतरवला. चित्रावर बारीक रवाळ खर आली, कडा मऊ झाल्या आणि त्या खरीतून हळूच हिरवट ठिपका वर आला.

''हां,'' आई म्हणाली, ''आता राहू दे असंच.''